गादीचं अ‍ॅलर्जी कव्हर: काय अडवतं, काय नाही

गादीसाठी साधं कव्हर शोधायला म्हणून इंटरनेटवर जावं, तर दोन मिनिटांत आठ पायांचा एक अक्राळविक्राळ प्राणी स्क्रीनवर हजर होतो. 'तुमच्या गादीत असे लाखो आहेत' हे त्याच्याखाली लिहिलेलं असतं आणि त्याच्याही खाली 'आता विकत घ्या'चं बटण. घरात कुणाला दमा असेल किंवा सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागत असेल, तर बोट त्या बटणाकडे वळतंच. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, की अरे, या कव्हरांवर मोठमोठे प्रयोग झाले आणि त्यांत काहीच फायदा दिसला नाही. डॉक्टरांना विचारावं, तर एक म्हणतात 'घालाच' आणि दुसरे म्हणतात 'पैसे वाया घालवू नका'.

यातली गोची अशी, की दोघांकडेही पुरावा आहे. कव्हर आपलं काम करतं, पण ते काम जाहिरातीतून वाटतं त्यापेक्षा बरंच लहान आहे. ते कुणाच्या उपयोगी पडतं आणि कुणाच्या नाही, हे कळायला आधी गादीत काय चालतं ते पाहायला हवं.

गादीत राहतं तरी कोण?

डस्ट माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला जीव. लांबी साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर, रंग फिका, त्यामुळे गादीत नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही, अंगावर राहत नाही. सकाळी अंगावर चावल्याच्या लाल गांध्या दिसत असतील तर संशय ढेकणांवर घ्यावा. तो प्रश्न वेगळा आणि त्याचा उपायही वेगळा.

माइटचं अन्न म्हणजे आपल्या त्वचेवरून रोज झडणारे बारीक पापुद्रे. त्याच्या पाण्याची गोष्ट जास्त मजेशीर आहे. तो पाणी पीतच नाही, हवेतली वाफ शरीरात शोषून घेतो. म्हणून त्याचं जगणं-मरणं हवेच्या दमटपणावर ठरतं. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्यातली किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते, ७०-८० टक्क्यांच्या आसपास असली की माइट जोमाने वाढतात. ती दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. स्वित्झर्लंडमधलं डावोस समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. तिथली हवा कोरडी, माइट अगदी कमी, आणि माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या दमेकरी मुलांना तिथे राहिल्यावर बरं वाटतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

आता अंथरुणाचा विचार करा. रात्रभर अंगाची ऊब, घामाचा आणि श्वासाचा ओलावा, वरून पापुद्र्यांचा पुरवठा. माइटला आणखी काय हवं? मादी तिच्या दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात ४० ते ८० अंडी घालते. गादीत माइट असणं हा घराच्या स्वच्छतेवरचा शेरा नाही. दमट हवेच्या प्रदेशात टापटीप घरांतही ते असतातच.

जाता जाता एक थाप निकालात काढू. 'माइटमुळे दहा वर्षांत गादीचं वजन दुप्पट होतं' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. याला काहीही आधार नाही. थोडा हिशेब केला तरी कळतं, की दहा-वीस किलो भरायला लागणारे माइट आणि त्यांची घाण गादीत मावायची नाही.

त्रास माइटचा नाही, विष्ठेचा

घरातल्या धुळीने दमा होतो हे जुनंच निरीक्षण होतं. धुळीतलं नेमकं काय बाधतं हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. १९६४मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या वोरहॉर्स्ट आणि स्पीक्समा यांनी माइटकडे बोट दाखवलं. पुढे १९८१मध्ये टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी दाखवून दिलं, की धुळीतल्या अ‍ॅलर्जनचा मोठा वाटा माइटच्या विष्ठेतून येतो. अ‍ॅलर्जन म्हणजे असा निरुपद्रवी पदार्थ, की ज्याला काही जणांची रोगप्रतिकारक यंत्रणा शत्रू समजून बसते.

माइटचं सगळ्यात गाजलेलं अ‍ॅलर्जन 'डर पी १' या नावाने ओळखलं जातं. हे माइटच्या आतड्यातलं पाचक एन्झाइम, म्हणजे पचनाला मदत करणारं प्रथिन. प्रथिनं तोडणं हे त्याचं काम, आणि आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरात पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे जोडही प्रथिनांचेच असतात. हे एन्झाइम ते जोड सैल करतं आणि आत शिरायला वाट करून घेतं.

एक माइट दिवसाला विष्ठेच्या साधारण २० गोळ्या टाकतो. गोळी बहुधा १० ते ४० मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

या सगळ्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, माइट मारले म्हणून प्रश्न सुटत नाही. हे प्रथिन टिकाऊ आहे, मालक मेला तरी गोळ्या गादीतच राहतात. माइट मारणारे फवारे आणि पावडरी यांचा रुग्णांना फारसा गुण येत नाही, त्याचं एक कारण हे. दुसरी म्हणजे, या गोळ्या हवेत तरंगण्याच्या मानाने जड असतात. गादीवर कूस बदलली, उशी थोपटली, चादर झटकली की त्या उडतात आणि वीस-तीस मिनिटांत बहुतेक खाली बसतात. मांजराच्या अ‍ॅलर्जनचे कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एअर प्युरिफायरची माइटच्या बाबतीत फारशी मदत होत नाही. गोळी उडते ती तुमच्या नाकाच्या वितभर अंतरावरून. यंत्रापर्यंत पोचण्याआधी ती नाकात गेलेली असते किंवा पुन्हा उशीवर बसलेली असते.

कव्हर करतं तरी काय?

पिठाच्या चाळणीत कोंडा अडकतो आणि पीठ खाली पडतं, तो सगळा खेळ भोकाच्या मापाचा. अ‍ॅलर्जी कव्हरचंही तेच. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान असली की माइटची विष्ठा आरपार जात नाही आणि हवा मात्र थोडीफार खेळती राहते. मांजराचं अ‍ॅलर्जन अडवायचं तर ६ मायक्रॉनच्या खाली जावं लागतं. साध्या चादरीच्या विणीतली छिद्रं याच्या कितीतरी पट मोठी असतात. तिला गोळ्याच काय, माइटही जुमानत नाहीत.

ही अडवणूक दोन्ही बाजूंनी चालते. आतला साठा वर येत नाही आणि वरचे पापुद्रे आत जात नाहीत, त्यामुळे आतल्या माइटची उपासमार सुरू होते. गादी रिकामी करायला कव्हरला जमत नाही, ते तिला कोंडून ठेवतं.

कापडाचे प्रकार साधारण चार. निव्वळ प्लास्टिकचं कव्हर सगळं अडवतं, पण कूस बदलली की चुरचुरतं, घाम धरतं आणि लवकर चिरतं. दुसऱ्या प्रकारात कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तो चांगला अडवतो, पण वारंवार धुऊन सुटू शकतो. तिसरं अतिशय घट्ट विणलेलं बारीक धाग्याचं कापड. त्यात थर नसतो, अडवण्याचं काम वीणच करते, हवा जाते आणि ते टिकतंही. झोपायला हेच सगळ्यात सुखाचं. चौथं न विणलेलं, धागे नुसते दाबून केलेलं कापड. ते स्वस्त पडतं, पण त्याच्या धाग्यांच्या गुंत्यात माइट शिरून तिथेच वस्ती करतात असं आढळलं आहे. माझं मत विचाराल तर चौथ्याच्या वाटेला जाऊ नये.

कापडाइतकीच त्याची बांधणीही महत्त्वाची. गादीला वरून लावायचं, कडांना इलॅस्टिक असलेलं 'प्रोटेक्टर' आणि सहाही बाजूंनी बंद होणारं कव्हर यांत लोकांची नेहमी गल्लत होते. पहिलं सांडलेलं पाणी अडवेल, पण खालून आणि कडांनी सगळं उघडं असतं. आपल्याला हवी ती चेन लावून पूर्ण बंद होणारी खोळ. ती हातात घेऊन चेनचं टोक बघा. चेन ओढून शेवटपर्यंत नेली तरी स्लायडरच्या पुढे बोटाचं नख जाईल एवढी फट राहते. चांगल्या खोळीत त्या टोकावर कापडाची छोटी पट्टी येते आणि चेनच्या आतल्या अंगालाही पूर्ण लांबीची झालर असते. दोन्ही नसतील तर चेनवरून चिकटपट्टी लावून घ्यावी. आता खोळ उलटी करून शिवण बघा. सुईचं प्रत्येक भोक १० मायक्रॉनच्या कितीतरी पट मोठं असतं, म्हणून शिवण दुमडून घातलेली किंवा आतून बंद केलेली हवी.

मग मोठ्या प्रयोगांत फायदा का दिसला नाही?

इथे जरा थांबायला हवं, कारण खरा वाद इथेच आहे.

२००३मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दमा असलेल्या ११२२ प्रौढांपैकी निम्म्यांना खरी कव्हरं दिली आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण काही न अडवणारी. कुणाला कुठलं मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि ती जवळपास सारखीच होती. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये माइटमुळे सर्दी-शिंकांचा त्रास असलेल्या २७९ जणांवर असाच प्रयोग झाला. तिथे अंथरुणातलं अ‍ॅलर्जन कमी झालं, शिंका मात्र कमी झाल्या नाहीत. पुढे २००८मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दम्यासाठी माइट कमी करण्याच्या सगळ्या उपायांचे मिळून ५४ प्रयोग आणि ३००२ रुग्ण एकत्र तपासले गेले. निष्कर्ष तोच: रुग्णांना फायदा झाल्याचं दिसत नाही.

हे आकडे झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण प्रयोग वाचताना 'कुणावर केला' आणि 'आणखी काय केलं' हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. ब्रिटनच्या अभ्यासातले बरेच जण माइटला अ‍ॅलर्जिक होते, पण सगळे नव्हते. सगळे प्रौढ आणि बहुतेकांचा दमा जुना. शिवाय कव्हरामुळे सहा महिन्यांनी गादीच्या धुळीतलं अ‍ॅलर्जन दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळलं, पण वर्षअखेरीस तो फरक पुसट झाला होता. गालिचा, सोफा, पडदे, कपडे यांना कुणी हात लावला नव्हता.

शिवाय श्वासावाटे येणारं सगळं माइट अ‍ॅलर्जन अंथरुणातूनच येतं, हे गृहीतकही डळमळीत निघालं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांच्या अंगावर हवा गोळा करणारी छोटी यंत्रं लावून दिवसभराचा हिशेब मांडला आणि २०१३मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात दिवसा, चालता-फिरता येणारा वाटा रात्रीच्या अंथरुणापेक्षा जास्त निघाला. प्रवासातली आसनं आणि माणसांचे कपडे यांतही अ‍ॅलर्जन असतं आणि आपण हललो की ते उडतं. गादीत सगळ्यात मोठा साठा असेलही, पण झोपलेला माणूस तो फार हलवत नाही.

म्हणजे कव्हर अ‍ॅलर्जन अडवतं आणि तरीही त्रास कमी होत नाही, यात विसंगती नाही. अनेक वाटांपैकी एकच बंद झालेली असते. संवेदनशील फुप्फुसाला राहिलेला डोसही पुरतो.

मुलांचं गणित वेगळं आहे का?

थोडं आहे, आणि म्हणूनच 'घालाच' म्हणणारे डॉक्टर चूक नाहीत.

२०१७मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात निवडूनच मुलं घेतली होती. दम्याच्या झटक्यामुळे नुकतंच तातडीने रुग्णालयात यावं लागलेली आणि तपासणीत माइटची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेली २८४ मुलं. पुढच्या १२ महिन्यांत नकली कव्हरवाल्या गटातल्या ४१.५ टक्के मुलांना झटक्यासाठी पुन्हा रुग्णालय गाठावं लागलं, तर खऱ्या कव्हरवाल्या गटात २९.३ टक्के. सोप्या भाषेत, शंभर मुलांमागे साधारण बारा मुलांची रुग्णालयाची फेरी टळली. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, त्यामुळे फार हुरळून जाण्याचं कारण नाही.

त्याआधी २००४मध्ये अमेरिकेतल्या सात शहरांतल्या ९३७ मुलांचा अभ्यास आला होता. तिथे एकट्या कव्हरवर भिस्त नव्हती. प्रत्येक मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तपासून त्याप्रमाणे घरात बदल केले: अंथरुणाला कव्हर, चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर, झुरळांचा बंदोबस्त, धूम्रपानाबद्दल समज. पहिल्या वर्षी या मुलांचे त्रासाचे दिवस दर दोन आठवड्यांत ४.२० ऐवजी ३.३९ होते. फरक छोटा वाटतो, पण वर्षाला ते वीसेक दिवस होतात, आणि मूल रात्री खोकत असताना जागणाऱ्या आईवडिलांना वीस दिवस म्हणजे काय हे सांगायला नको.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२०मध्ये दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, तीही याच दिशेने: माइटची अ‍ॅलर्जी असेल तर गादी-उशीची कव्हरं इतर उपायांच्या जोडीने वापरावीत, एकटा उपाय म्हणून नाही.

आधी तपासणी, मग खरेदी

या सगळ्यातून माझा कौल असा. तपासणी न करता कव्हर घेऊ नका. शिंका आणि खोकला परागकणांनी, बुरशीने, झुरळांनी, मांजरानेही होतो. तिथे गादी कितीही बांधून ठेवली तरी उपयोग शून्य.

तपासणी सोपी असते. हातावर अ‍ॅलर्जनचा थेंब ठेवून तिथे सुईने हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी उठते का ते पाहतात. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या त्याआधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात; किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. ते जमणार नसेल तर रक्ततपासणी आहे. चाचणी सकारात्मक आली म्हणजे त्रास त्याचाच, असंही नाही. अंथरुणात किंवा साफसफाई करताना त्रास वाढतो का, याच्याशी तो निकाल जुळला पाहिजे.

'ऊन दाखवलं की झालं, कव्हर कशाला?'

ऊन माइटला मारतं, यात शंका नाही. उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही त्याला सोसत नाहीत. पातळ पांघरुणाला कडक ऊन दिलं तर चांगलाच उपयोग होतो. जाड गादीच्या पोटापर्यंत मात्र ते पोचत नाही, आणि विष्ठेतलं प्रथिन उन्हाने जात नाही. तेव्हा ऊन दिल्यावर झटकणं आणि धुणं आलंच. झटकायचं काम ज्याला त्रास आहे त्याने करू नये आणि ते खोलीबाहेर व्हावं.

धुण्याबद्दलही असाच गोंधळ आहे. ५५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाण्यात माइट मरतात. थंड पाण्यात ते बहुतेक जगतात, पण अ‍ॅलर्जन पाण्यात विरघळत असल्याने त्यातलं बरंचसं निघून जातं. म्हणजे गरम पाणी शक्य नसेल तरी दर आठवड्याला चादर आणि अभ्रे साध्या पाण्यात धुणं फुकट जात नाही. मुलांची मऊ खेळणी धुता येत नसतील तर पिशवीत घालून दिवस-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि नंतर झटकावीत.

कव्हरवरची चादर हाही याच कामाचा भाग आहे. कव्हर घातलं म्हणून तिच्यावर पापुद्रे पडायचे थांबत नाहीत. चादर आठवडेच्या आठवडे बदलली नाही तर वरच्या वर नवी वसाहत उभी राहते.

'गादी नवीनच आहे' आणि 'पिसांची उशी काढून टाकली'

नवीन गादी हीच कव्हर घालायची उत्तम वेळ. आत साठा नसतो, मग पुढे होऊच द्यायचा नाही.

उशीबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, की पिसांची टाकून कृत्रिम धाग्याची घ्या. प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा उलटंच दिसलं: कृत्रिम उश्यांत माइटचं अ‍ॅलर्जन जास्त. याचा पटणारा खुलासा असा, की पिसं टोचून बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशीचं कापड मुळातच फार घट्ट विणलेलं असतं. नकळत ते कव्हरचंच काम करत होतं. उशी नाकाला चिकटून असते, त्यामुळे सगळ्याला पैसे पुरत नसतील तर आधी उशीला, मग गादीला, मग रजईला अशी माझी क्रमवारी आहे. खोलीत दुसऱ्या कुणाचं अंथरूण असेल तर त्यालाही कव्हर हवं.

किती दिवसांत फरक दिसेल?

अ‍ॅलर्जन लगेच घटतं, श्वासनलिकेची सूज ओसरायला मात्र आठवडे-महिने लागतात. दोन-तीन महिने चादरी धुण्याचा नेम पाळून पाहावं. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर त्यावर आणखी खर्च करण्यापेक्षा डॉक्टरांशी इतर मार्गांबद्दल बोलावं. माइटच्या अ‍ॅलर्जनचीच अत्यल्प मात्रा देऊन शरीराला त्याची सवय लावणारी इम्युनोथेरपी हा त्यातला एक. जिभेखाली ठेवायच्या अशा गोळीला अमेरिकेत २०१७मध्ये मान्यता मिळाली.

या काळात दम्याचा इन्हेलर आपल्या मनाने कमी करू नये. प्रयोगांतही औषध चालूच होतं. कव्हर त्याच्या जोडीला होतं. आणि वर्षातून दोन-तीनदा चादर काढून चेन आणि शिवण पुन्हा तपासावी. आतला थर सुटून पापुद्रे निघू लागले असतील किंवा कोपऱ्यात चीर गेली असेल, तर ते ठिगळ लावून चालवू नये, बदलावं.